न पोचवलेला निरोप

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, जायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या बहिणीसाठी एक निरोप सांगितला होता. तो मी तिला दिला नाही. विसरलो असं नाही, राहून गेलं असंही नाही. दिला नाही. उलट तिनं विचारलं तेव्हा, अण्णांना शेवटी शुद्धच नव्हती, असं सांगितलं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. बायकोला हे माहीत नव्हतं, मुलांना नव्हतं. या फेब्रुवारीत आमच्या ल्यूथरन मंडळीचं, म्हणजे चर्चच्या लोकांचं, शनिवार-रविवार धरून एक शिबिर पाटणच्या बाजूला झालं, तिथपर्यंत कुणालाच नव्हतं. शिबिराला ज्यांना येता आलं नाही त्यांनी परत आल्यावर विचारलं, कसं झालं, जेवण काय होतं, थंडी होती का. मी 'छान झालं' म्हणून मोकळा झालो. मला तेवढंच बोलायची सवय आहे. पण शिबिर तेवढ्यावर संपलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

शुक्रवार, पाटणच्या वाटेवर

कुपवाडला माझं लहानसं वर्कशॉप आहे, लेथचं काम करतो. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीतच शटर ओढलं, पोरांना सोडलं आणि मिरजेला जाऊन शांतामावशींना गाडीत घेतलं. मावशी म्हणजे आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाई. मिरजेच्या एका दवाखान्यात उभा जन्म नर्स म्हणून काढला. अण्णा शेवटी ज्या वॉर्डात होते त्या वॉर्डाच्या त्याच सिस्टर होत्या. अजूनही माणसाशी बोलताना आधी त्याच्या डोळ्यांच्या खालची पापणी बघतात.

"काच वर कर, धुराळा येतोय. आणि तू जेवला नाहीस."

"जेवलो, मावशी."

"खोटं. तोंड सुकलंय. चपाती आहे पिशवीत. आष्ट्याच्या पुढं थांब कुठं तरी."

ऊसतोडीचे दिवस. पेठ नाक्याच्या अलीकडं एका ट्रॉलीतून उसाच्या मोळ्या रस्त्यावर सांडलेल्या आणि मागं गाड्यांची रांग. आम्ही तिथंच बसून चपाती खाल्ली. ट्रॉलीवाला मोळ्या उचलता उचलता प्रत्येक गाडीवाल्याला एकच सांगत होता, "पाच मिन्टं, गड्या, पाच मिन्टं." मावशींनी काच खाली करून त्याच्याकडं एक कांडं मागितलं. दात नीट नाहीत, खाता येत नाही, पण मागितलं. मग ते कांडं शिबिरभर त्यांच्या पिशवीतून बाहेर डोकावत राहिलं.

कराड सोडलं की हवा बदलते. मल्हारपेठेच्या पुढं डोंगर दोन्हीकडून जवळ येतात, वर पठारावर पवनचक्क्यांची रांग दिसते आणि कोयना रस्त्याशी लपंडाव खेळत राहते. आमच्या सांगलीकडं कृष्णा रुंद, मातकट, शांत. ही नदी वेगळी, हिरवट, दगडातनं बोलत जाणारी.

जागा पाटणच्या थोडी पुढं होती. टेकडीच्या कुशीत बैठी इमारत, वर पत्रा, पुढं फणसाची झाडं, खाली नदी. आमची मंडळी एवढी लहान की स्वतःची अशी शिबिराची जागा नाही, भाड्यानं घेतो. लोक मला विचारतात, ल्यूथरन म्हणजे कॅथलिक का? मी 'तसंच काहीसं' म्हणून सोडून देतो. खरं तर तसं नाही. मिरज जंक्शनवर रेल्वेच्या नोकरीसाठी आंध्रातून काही कुटुंबं आली, ती हा पंथ बरोबर घेऊन आली. अण्णा रेल्वेत फिटर. त्यांच्याबरोबर काम करता करता, त्यांची गाणी ऐकता ऐकता तिकडं गेले आणि मग त्यांच्याहून कडक झाले. आमचे आताचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, तेही गुंटूरकडचे. तरुण आहेत, माझ्या थोरल्या मुलाहून थोडे मोठे. मराठी पुस्तकातून शिकले, त्यामुळं आमच्यापेक्षा शुद्ध बोलतात.

स्वयंपाकाला पाटणचे शौकतभाई आणि त्यांची बायको. लग्नाच्या मोठाल्या पंगती करणारा माणूस, आमच्या मूठभर लोकांत त्याचं मन रमेना. पाळकांनी जेवायच्या आधी सांगितलं, की आता रात्रीपासून उद्या दुपारच्या जेवणापर्यंत मौन. शौकतभाई दारात उभे होते.

"म्हंजी कुणीच बोलायचं न्हाई?"

"कुणीच नाही," पाळक म्हणाले.

"मग वाढायचं कसं? बास म्हनायचं झालं तर?"

"हात आडवा धरायचा."

"आन लय आवडलं तर?"

पाळक हसले. "ते तुम्ही ओळखायचं."

मौन मला जड गेलं नाही. मी त्यातला तरबेज आहे.

शनिवार, पाटण

पहाटे नदीवर धुकं होतं. सगळे शाली पांघरून फणसाखाली एकेकटे बसलेले. पाळकांनी आदल्या रात्री एकच विचार दिला होता. क्षमा ही आपल्या मनात उगवत नाही. ती दुसऱ्याच्या तोंडून आपल्या कानावर पडावी लागते. आमच्या पंथात यावर फार भर आहे. पापांगीकार केला, म्हणजे पाप बोलून दाखवलं, की पाळक डोक्यावर हात ठेवून, नाव घेऊन, क्षमा झाली असं मोठ्यानं सांगतात. मनातल्या मनात चालत नाही. कुणीतरी येऊन सांगायला हवं. मी ते वाक्य घेऊन सकाळभर नदीकडं बघत बसलो आणि मला अण्णांच्या खाटेशिवाय दुसरं काही दिसेना.

तेव्हा ते आता सांगतो.

माझी धाकटी बहीण रूथ. तिनं नर्सिंग केलं आणि जत तालुक्यात सरकारी दवाखान्यात लागली. तिथं मायाप्पाशी ओळख झाली. धनगर घरातला मुलगा, मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. लग्न बिरोबाच्या देवळात झालं, भंडारा उधळून. अण्णांनी सांगितलं, या घरात पाय ठेवायचा नाही. तिनं ठेवला नाही. अण्णांना मग अर्धांगवायू झाला तो काही महिने चालला. कूस बदलणं, पुसणं, भरवणं, सगळं मी केलं. तक्रार म्हणून सांगत नाही, पण त्या काळात त्यांनी मला एकदाही बरा शब्द दिला नाही. जीभ जड झाली होती, म्हणून असेल. शेवटच्या संध्याकाळी मात्र जीभ एकदम मोकळी झाली. माझ्या हातात लघवीचं भांडं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, रूथला सांग. मग जे सांगायचं ते सांगितलं. राग राहिला नाही म्हणाले, तिला येऊ दे म्हणाले, आणि वर तिच्या लहानपणची एक गोष्ट सांगून हसले. हसले. मी भांडं घेऊन उभा होतो, आणि माझ्यासाठी काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेले. रूथ मातीला आली. फाटकाबाहेरच उभी राहिली आणि मला म्हणाली, "दादा, अण्णा काही बोलले का रे माझ्याविषयी?" मी म्हणालो, शुद्धच नव्हती. तेवढंच. पुढं सांगू म्हटलं, राग शांत झाला की सांगू. राग शांत झाला तोवर इतका उशीर झाला होता, की आता सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं.

दुपारच्या जेवणाला घेवड्याची आमटी, इंद्रायणीचा भात, नाचणीची भाकरी. आमटीचा पहिला घास घेतला आणि सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मीठ दुप्पट. शौकतभाईंनी घातलं होतं आणि त्यांच्या पाठीमागं त्यांच्या बायकोनंही घातलं होतं. पण मौन अजून सुटलं नव्हतं. आम्ही शिबिराला आलेली माणसं. जिभेला शिक्षा म्हणून खाल्ली असेल कुणी, भिडेनं खाल्ली असेल कुणी. पाण्याचे तांबे रिकामे होत होते. ब्लडप्रेशरवाल्या शांतामावशींनी तर दुसऱ्यांदा वाढून घेतली.

मौन सुटल्याची घंटा झाली तेव्हा शौकतभाई स्वतः पहिल्यांदा जेवायला बसले. बसले आणि उठले.

"पाळकसाहेब, ही तुमची मान्सं हायत का दगडं? एवढी खारट आमटी आन एकबी बोलंना?"

"मौन होतं, शौकतभाई," कुणी तरी म्हणालं.

"मौन देवाशी व्हतं का आमटीशी?"

सगळे हसले. मावशी म्हणाल्या, "अहो, तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून मी परत घेतली."

"आन आता वाटतंय त्येचं काय, आवं मावशी? एकानं जरी हात केला असता तर पानी तरी वाढवलं असतं. पाटनात माझं नाव हाय." बिचारा खरोखर दुखावला होता. संध्याकाळी त्यानं रागानं गुळाच्या पोळ्या केल्या, त्या मात्र अशा की सांगायलाच नको.

चहाच्या वेळी मावशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. उसाचं कांडं मांडीवर. आणि अगदी सहज, साखर कमी आहे म्हणावं तसं, म्हणाल्या, "रूथ कशी आहे रे? तिकडं लांब पडली. अण्णांचा निरोप सांगितलास तेव्हा फार रडली असेल."

मला वाटलं आपण ऐकलं ते चुकीचं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वॉर्डातच होते की मी. रूथला सांग, रूथला सांग, चाललं होतं त्यांचं. बरं वाटलं होतं मला. म्हटलं, माणूस हलका होऊन चाललाय." त्यांनी माझ्याकडं बघितलं, पापणी बघतात तसं. "रडली का?"

"हो," मी म्हणालो. "रडली."

म्हणजे त्या एका खोट्यावर मी आणखी एक घातलं, आणि तेही पापक्षमेच्या शिबिरात, चहाचा कप हातात धरून.

आता आमच्यातला एक रिवाज सांगायला हवा. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे मेजाशी जाऊन भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या उपासनेच्या, आदल्या संध्याकाळी 'नाव द्यायचं' असतं. ज्याला उद्या त्या मेजाशी यायचंय त्यानं आज पाळकांकडं एकट्यानं जायचं. पाळक एकच विचारतात, "कुणाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे का?" नाही म्हटलं की झालं. हो म्हटलं तर आधी त्या माणसाकडं जाऊन यायचं. मोठ्या शहरांतल्या मंडळ्यांत हे आता उरलेलं नाही म्हणतात. आमच्याकडं जुन्या रेल्वेवाल्यांनी टिकवलं. अण्णा तर इतके काटेकोर, की शेजाऱ्याशी नळावरून भांडण झालं तर दोन-दोन महिने मेजाशी जायचे नाहीत.

मी मात्र इतकी वर्षं दर महिन्याला नाव देत आलो. कारण प्रश्न नीट ऐका. कुणाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे का? रूथच्या मनात माझ्याविषयी काहीच नव्हतं. तिला माहीतच नव्हतं. त्यामुळं मी 'नाही' म्हणायचो, आणि ते शब्दशः खरं असायचं. माझं सगळं खातं त्या खरेपणावर चालत होतं.

उन्हं डोंगराआड गेली तेव्हा मी आत गेलो. लहान खोली, टेबलावर एक मेणबत्ती, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. पाळकांनी प्रश्न विचारला. मी म्हणालो, "नाही."

ते मान डोलावणार तेवढ्यात मी म्हणालो, "तिला माहीत नाही म्हणून नाही."

मग सांगितलं. वर लिहिलंय तेवढंच, कदाचित याहूनही कमी. मी थांबल्यावर त्यांनी काहीच विचारलं नाही, समजावलं नाही, गुडघे टेकायला सांगितलं, डोक्यावर हात ठेवला, माझं पूर्ण नाव घेतलं आणि क्षमेचं ते वाक्य म्हटलं. त्या मुलाचा हात गरम होता. मला वाटलं होतं, आधी काही तरी अट घालतील.

उठल्यावर मी म्हणालो, "एवढंच?"

"तुमच्यासाठी एवढंच," ते म्हणाले. "पण तुमच्या वडिलांनी त्या मुलीला जे दिलं, ते अजून तुमच्याजवळच आहे. ते मी नेऊ शकत नाही."

रविवार, पाटणहून जत

सकाळच्या उपासनेत मी मेजाशी गेलो नाही. पाळकांनी 'या' म्हटलं होतं. हे बक्षीस नाही, औषध आहे, असं म्हणाले होते. पण मी बाकावर बसून राहिलो. रांगेतून परत येताना शांतामावशींनी मला बसलेलं बघितलं. उपासना संपली, आम्ही गाडीत बसून निघालो. मल्हारपेठ आल्यावर म्हणाल्या, "सांगितलं नाहीस ना तिला?"

"नाही."

कराड आलं, गेलं. त्यांनी पिशवीतनं ते उसाचं कांडं काढून मागच्या सीटवर ठेवलं. "मला मिरजेत सोड," म्हणाल्या, "आणि घरी जाऊ नकोस."

"तुम्ही येता का?"

"मी कशाला? निरोप मला दिला होता का त्यांनी?"

मिरजेपर्यंत ओळखीचा मुलूख. पुढं कवठेमहांकाळ ओलांडलं की झाडं विरळ होत जातात, जमीन फिकट होते आणि आभाळ मोठं. सकाळी ज्या नदीकाठी तोंड धुतलं तिच्यानंतर हे बघताना, एकाच दिवसात दोन देश बघितल्यासारखं वाटतं. अधूनमधून द्राक्षाचे मांडव, डाळिंबं, आणि उरलेल्या रानात कापणीला आलेला शाळू. मी या रस्त्यानं फार थोड्या वेळा आलोय. भाच्याचं जावळ, एकदा मायाप्पाचा पाय मोडला तेव्हा, असं. प्रत्येक वेळी जेवून, हात धुऊन, उजेड आहे तोवर निघालोय.

वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मायाप्पा मेंढरं घेऊन नदीकाठच्या गावांकडं गेलेला, या दिवसांत धनगर तिकडंच असतात. भाचा फौजेत. घरी रूथ आणि तिची सासू. सासूला सगळे अव्वा म्हणतात. अव्वा दारातल्या बाजेवर बसली होती.

"कोन हाय रं? रुता, तुजा भाव आला बघ. वाट चुकला जनू."

"चुकलो न्हाई, अव्वा. मुद्दाम आलो."

"मुद्दाम आला म्हंजी कुनी मेलं का?"

रूथ सुपात हुलगे घेऊन बाहेर आली. केस बरेच पांढरे झालेत. तिनं आधी माझ्या मागं गाडीकडं बघितलं, बायको आहे का म्हणून, मग माझ्याकडं. "चहा ठेवते," म्हणाली. शेळीच्या दुधाचा चहा, वास येतो पण मला आवडतो. अव्वा शेळ्या बांधायला गोठ्याकडं गेली तेव्हा मी बोललो. मी पायरीवर, ती समोर जमिनीवर, मांडीत सूप. सांगत असताना ती हुलग्यातले खडे काढत राहिली. मी थांबलो तेव्हाही काढत होती.

"कवा म्हणाले?"

"आदल्या संध्याकाळी."

"तू म्हणाला होतास शुद्ध नव्हती."

"खोटं बोललो."

तिनं मान हलवली, जशी बाजारात भाव ऐकून हलवतात. मग म्हणाली, "मी मिरजेला येते, दादा. औषधं घ्यायला, बाजाराला. चर्चच्या दारावरून जाते. आत येत न्हाई. तुला काय वाटायचं?"

"वाटायचं, की... इकडचं सगळं धरलंस."

"इकडचं धरलंच की. बिरोबाला जाते, भंडारा लावते. त्यानं काय हुतंय? पण तिकडं आत गेलं की तो प्रश्न विचारतात ना." तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "कुणाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे का. मी काय सांगू? आहे म्हणू? मग म्हणतील, जा, भेटून या. मेलेल्या माणसाला कुठं जाऊन भेटू? अण्णांनीच शिकवलेलं. भांडण ठेवून मेजाशी गेलं तर पाप लागतं. म्हणून गेलेच न्हाई. एकदाबी न्हाई."

मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी तिला फक्त वडिलांचा एक निरोप दिला नाही, असं समजत होतो.

"आन तू?" ती म्हणाली. "तू जात होतास?"

"हो."

"दर महिन्याला?"

"हो."

तिनं परत मान हलवली. एक खडा काढला, अंगणात टाकला. कोंबडीनं तो दाणा समजून टिपला आणि सोडून दिला.

"काय म्हणाले अण्णा? जसं म्हणाले तसं सांग."

"राग नाही म्हणाले. तुला येऊ दे म्हणाले."

"असंच? ह्याच शब्दांत?"

"असंच काहीसं."

"असंच काहीसं म्हंजी?"

"आणि तुझी लहानपणची एक गोष्ट सांगितली. सांगून हसले."

सूप तिनं खाली ठेवलं. "कुठली?"

आणि इथं, जे मी वाटेत एकदाही तपासून बघितलं नव्हतं, ते मला कळलं. मला ती गोष्ट आठवेना. अण्णांचं हसणं दिसत होतं, हातातलं भांडं आठवत होतं, त्याची गार कड आठवत होती. गोष्ट नव्हती. इतकी वर्षं रोज थोडी थोडी विसरायचा प्रयत्न केला होता, तो यशस्वी झाला होता.

"आठवत नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

"दादा, तू आता माझं समाधान करायला तर बोलत न्हाईस ना?"

"नाही. खरं आहे."

"मला कसं कळायचं? तवाबी तू असाच समोर हुतास. हाच चेहरा. शुद्ध नव्हती म्हणालास, मी खरं मानलं. ती गोष्ट सांगितली असतीस तर मला कळलं असतं, अण्णाच म्हणाले म्हणून. दुसऱ्या कुणाला ठाऊक नसणार अशीच असेल ती."

अव्वा परत आली. आमच्याकडं बघून म्हणाली, "भाव-भन भांडला काय? भांडा. पर खाऊन भांडा, उपाशी भांडलं तर डोकं धरतं."

रूथनं हुलग्याचं माडगं केलं, बाजरीची भाकरी, शेंगांची चटणी. मला वाढलं. माडग्यात मीठ नव्हतं, विसरली होती. मी म्हणालो, "रूथ, मीठ नाही गं यात." तिनं डबा पुढं सरकवला. शौकतभाईंचं नाव मी घेतलं नाही, तिला काय कळणार होतं.

निघताना तिनं हुलग्याची पिशवी गाडीत ठेवली. भाऊ आला तर रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, हे दोन्हीकडं सारखंच आहे. "वहिनीला दे," म्हणाली. "भिजवून ठेव म्हणावं रात्री."

परत आल्यावर, सांगली

दुसऱ्या दिवशी मी मावशींकडं गेलो. त्या वॉर्डात होत्या, त्यांना ती गोष्ट ठाऊक असेल या आशेनं. त्या डोळे मिटून आठवत बसल्या. शेजारच्या खाटेचं सलाईन बदलत होत्या. 'रूथला सांग' एवढं दोनदा-तीनदा ऐकलं, म्हातारा हसल्याचंही ऐकलं. मधलं नाही.

"मला वाटलं, तू ऐकतोयस," त्या म्हणाल्या.

त्यांनी रूथला फोन केला. निरोप होता, मी साक्षीदार आहे, एवढं सांगितलं. रूथनं ऐकून घेतलं. पाळकांनीही तिला सांगितलं, दार उघडं आहे, प्रश्न विचारणार नाही. ती म्हणाली, बघू. परवा मिरजेला बाजाराला आली होती म्हणे. चर्चपाशी थांबली का, मला माहीत नाही.

मी बायकोला सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग हुलगे भिजत घातले.

आता मी रोज ती गोष्ट शोधतो. लेथ चालू असतानाही शोधतो. अण्णा तिला खांद्यावर बसवून यार्डात इंजिन दाखवायला न्यायचे. एकदा ती त्यांच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत कुत्र्याचं पिल्लू लपवून झोपली होती. एकदा चर्चमध्ये सगळे शांत असताना तिला हसू आवरेना आणि अण्णांनी तिला उचलून बाहेर नेलं, तर बाहेर जाऊन दोघंही हसत उभे राहिले. यातली कुठलीही असू शकेल. यातली एक उचलून तिला सांगितली तर ती मानेलही. रडेल, आणि पुढच्या महिन्यात मेजाशी येईलही. परवा मी तेवढ्यासाठी फोन हातात घेतला होता. ठेवून दिला. तो निरोप मी एकदा दाबला. आता बनवून देणार नाही.

नाव मी अजून दिलेलं नाही.

माझ्या बहिणीला मी अण्णांची एक गोष्ट देणं लागतो. ती त्यांनी माझ्याजवळ ठेवायला दिली होती, आणि मला ती आठवत नाही.